पाण्याच्या वाटेने चालताना : बंगळुरूच्या राजकालुव्यांचा धडा

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूमध्ये एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला. बाह्य वर्तुळाकार मार्गावरील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये, महागड्या बंगल्यांच्या वसाहती आणि त्यांच्या आसपासच्या मजूर वस्त्या एकाच वेळी पाण्याखाली गेल्या. लोकांना ट्रॅक्टरवर आणि होड्यांत बसवून बाहेर काढावे लागले. त्यानंतर अवघ्या दीड वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, याच शहरात कूपनलिका आटल्या आणि पूर्वेकडील अनेक वसाहती टँकरची वाट पाहू लागल्या.

पूर आणि टंचाई एकाच शहराच्या वाट्याला इतक्या लागोपाठ का यावी, असा प्रश्न परीक्षेत आला तर आपण काय लिहाल? हवामान बदल, लोकसंख्यावाढ, अनियोजित नागरीकरण, अतिक्रमण. ही चारही कारणे खरी आहेत आणि त्यांना गुणही मिळतील. तथापि, उद्या आपल्यापैकी कोणी एखाद्या महानगरपालिकेत अधिकारी म्हणून रुजू झाले, तर पाणी नेमके कोणत्या गल्लीत शिरणार आणि का, हे या चार शब्दांवरून कळणार नाही. ते कळण्याचा एक जुना आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. पाणी ज्या वाटेने जाते, त्या वाटेने आपण पायी जावे. आज मी आपल्याला बंगळुरूमधील अशा एका वाटेवर घेऊन जाणार आहे.

माथ्यावर वसलेले शहर

बंगळुरूला बारमाही नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर, जलविभाजकाच्या माथ्यावर हे शहर वसले आहे. माथ्याच्या पश्चिमेला पडणारा पाऊस वृषभावतीत उतरतो, तेथून अर्कावतीत आणि पुढे कावेरीत जातो. पूर्वेला हेब्बाळ आणि कोरमंगला-चल्लघट्टा ही दोन खोरी आहेत. त्यांचे पाणी दक्षिण पिनाकिनीला मिळते. हीच नदी तमिळनाडूत पोन्नैयार या नावाने वाहते. म्हणजे शहराच्या मध्यभागातील एखाद्या इमारतीच्या छपरावरून दोन बाजूंना ओघळलेले पाणी दोन वेगवेगळ्या नद्यांतून बंगालच्या उपसागराला मिळू शकते. नकाशा समोर ठेवून ही तीन खोरी एकदा रेखाटून पाहावीत. पुढचे सारे विवेचन त्यांवरच आधारलेले आहे.

नदी नसलेल्या माथ्यावर माणसांनी वस्ती कशी केली? उत्तर आहे तलावांची साखळी. केंपेगौडा (पहिले) यांनी इ. स. १५३७ मध्ये नगर वसविले, असे मानले जाते. परंतु या परिसरात तलाव बांधण्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे. उतारावर मातीचा बांध घालून पाणी अडवायचे. त्याला कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणतात. बांधातील ‘तूबु’ म्हणजे शेताला पाणी सोडण्याची मोरी आणि ‘कोडी’ म्हणजे सांडवा. तलाव भरला की कोडीवरून उतरलेले पाणी एका रुंद ओढ्यातून खालच्या तलावात जाई. या ओढ्याचे नाव ‘राजकालुवे’, म्हणजे मुख्य कालवा. कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे पाहण्याचे काम ‘नीरगंटी’ या गावकामगाराकडे असे. थिप्पसंद्र, जक्कसंद्र, सिंगसंद्र अशी उपनगरांची नावे आपण ऐकली असतील. त्यांतील ‘संद्र’ हे ‘समुद्र’ या शब्दाचे रूप मानले जाते. गावकऱ्यांनी आपल्या तलावाला समुद्र म्हटले आणि तलाव गेल्यावरही नाव मागे राहिले.

मराठी वाचकाला या शहराशी असलेले आपले नाते ठाऊक आहेच. १६३८ मध्ये आदिलशाही सैन्याने बंगळुरू जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे (एकोजी) यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर मंदिरासाठी दिलेल्या दानाचा शिलालेख उपलब्ध आहे. वृषभावतीचा एक उगम याच मंदिराच्या परिसरात, तर दुसरा बसवनगुडीच्या नंदी मंदिरापाशी असल्याचे सांगितले जाते. नंदी म्हणजे वृषभ. नदीचे नाव त्यावरूनच आले. आज मात्र म्हैसूर रस्त्याने जाणाऱ्या बहुतेकांना शेजारून वाहणारा काळा प्रवाह नदी आहे हे सांगूनही पटत नाही.

बस स्थानकाच्या पोटातील तलाव

आमची पायी फेरी सुरू झाली ती मॅजेस्टिक येथील केंपेगौडा बस स्थानकातून. रोज लाखो प्रवासी ज्या फलाटांवरून जातात, ती जागा म्हणजे धर्मांबुधी तलावाचे पात्र आहे. तेथून फार लांब नसलेले कंठीरव क्रीडागार संपंगी तलावावर उभे आहे. शांतीनगरचे हॉकी मैदान अक्कितिम्मनहळ्ळी तलावावर, तर अशोकनगरचे फुटबॉल मैदान शूळे तलावावर आहे. कोरमंगला तलावाच्या जागी १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडाग्राम बांधण्यात आले. चल्लघट्टा तलावाच्या जागी गोल्फचे मैदान झाले.

ही यादी वाचून पूर्वीच्या प्रशासकांना दोष देणे सोपे आहे. परंतु तलाव नाहीसे का झाले याचा कार्यकारणभाव समजून घेतला पाहिजे. १८९० च्या दशकात अर्कावतीवरील हेसरघट्टा येथून शहराला नळाने पाणी येऊ लागले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी जलाशय पूर्ण झाला. १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा कार्यान्वित झाला. पाणी दुरून, नळातून आणि खात्रीने मिळू लागल्यावर घराजवळचा तलाव रोजच्या गरजेचा राहिला नाही. तलावाखालची शेते निवासी भूखंड झाली, तेव्हा सिंचनाचा उपयोगही संपला. डासांची आणि रोगराईची भीती होतीच. उपयोग संपलेला तलाव सरकारी दप्तरात ‘मोकळी जमीन’ दिसू लागला आणि वाढत्या शहराला बस स्थानक व क्रीडांगण हवेच होते. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी समर्थनीय वाटला असेल. साखळीतील एक दुवा काढला तर खालच्या दुव्याचे काय होईल, हा प्रश्न मात्र विचारला गेला नाही.

संपंगी तलावाचा एक लहानसा अवशेष मात्र आजही कुंडाच्या रूपात राखलेला आहे, कारण शहराच्या प्रसिद्ध करग उत्सवातील विधी तेथे होतात. दप्तरातून गेलेला तलाव परंपरेने असा लक्षात ठेवला आहे.

पायाखालच्या दोन वाहिन्या

बंगळुरूचे पदपथ अनेक ठिकाणी दगडी फरशांचे आहेत आणि त्या फरशांखाली पावसाळी गटार असते. म्हणजे येथील पादचारी बहुधा पाण्याच्या वाटेवरूनच चालत असतो. हे गटार रस्त्याच्या कडेने उतरत जाऊन मोठ्या नाल्याला आणि तो नाला राजकालुव्याला मिळतो.

मॅजेस्टिकहून निघालेले कोरमंगला खोऱ्यातील राजकालुवे प्रारंभी रस्त्यांच्या आणि दुकानांच्या खाली लपलेले आहे. शांतीनगरजवळ ते उघड्यावर दिसते. दोन्ही बाजूंना उंच भिंती, तळाशी काळे पाणी. सोबत आलेल्या एका वयस्क रहिवाशाला मी सहज विचारले, “हे गटार पुढे कुठे जाते?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “इदु मोरी अल्ल, राजकालुवे.” हे गटार नव्हे, राजकालुवे आहे. लहानपणी आपण यात पाय बुडवून बसत होतो, असेही त्यांनी सांगितले. माझी चूक केवळ शब्दाची नव्हती. ज्याला आपण गटार म्हणतो, त्यात सांडपाणी सोडताना संकोच वाटत नाही.

त्याच ठिकाणी एक लक्षणीय गोष्ट दिसली. प्रवाहाच्या पात्रातच विहिरीच्या कठड्यासारखे काँक्रीटचे गोल खांब ओळीने उभे होते. ते मॅनहोल आहेत. मैलापाणी गुरुत्वाकर्षणाने वाहून न्यायचे तर वाहिनी सर्वांत सखल भागातून टाकावी लागते आणि सखल भाग म्हणजे ओढ्याचे पात्र. त्यामुळे पर्जन्यजलाचा नाला आणि मैलापाण्याची मुख्य वाहिनी अनेक ठिकाणी एकाच पात्रात शेजारी-शेजारी आहेत. पहिल्याची जबाबदारी महापालिकेची, दुसरीची १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाची. वाहिनी तुंबली की मैला नाल्यात येतो. नाला भरला की पावसाचे पाणी मॅनहोलमधून वाहिनीत शिरते. कागदावर दोन स्वतंत्र असलेल्या व्यवस्था प्रत्यक्षात एकमेकींत मिसळतात. दोन खात्यांच्या समन्वयाचा प्रश्न म्हणतात तो हाच, आणि येथे तो डोळ्यांनी दिसतो.

आता थोडे गणित करू. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० हजार घनमीटर, म्हणजेच पाच कोटी लिटर पाणी जमा होते. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर भरतील एवढे हे पाणी आहे. जमीन मोकळी असेल तर त्यातील बराच भाग मुरतो, काही तलावात थांबतो आणि उरलेला हळूहळू खाली जातो. तीच जमीन काँक्रीट आणि डांबराने झाकली असेल, तर जवळजवळ सर्व पाणी थोड्याच वेळात नाल्याकडे धावते. नाला मात्र पूर्वीएवढाही रुंद राहिलेला नसतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये सादर झालेल्या अहवालात नोंदविले आहे की, विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या नकाशांशी तुलना करता कोरमंगला खोऱ्यातील नाल्यांची लांबी सुमारे ११३ किलोमीटरवरून ६३ किलोमीटरपर्यंत, तर वृषभावती खोऱ्यातील लांबी सुमारे २२६ किलोमीटरवरून ११२ किलोमीटरपर्यंत घटली. पाणी वाढले आणि वाट निम्मी झाली. जे पाणी मुरायला हवे होते तेच पूर होऊन वाहून गेले, म्हणून उन्हाळ्यात कूपनलिका कोरड्या पडल्या. २०२२ चा पूर आणि २०२४ ची टंचाई यांना जोडणारा दुवा हा आहे.

कावेरीचे पाणी, पिनाकिनीचे खोरे

राजकालुव्यात उन्हाळ्यातही पाणी वाहते, ते कोठून येते? ते बहुतांशी घराघरांतून आलेले सांडपाणी आहे. कावेरीचे पाणी तोरेकाडनहळ्ळी येथून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, टप्प्याटप्प्याने जवळजवळ ५०० मीटर उंच उपसून शहरात आणले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचव्या टप्प्याचे उद्घाटन होऊन दररोज ७७५ दशलक्ष लिटर पाण्याची अतिरिक्त क्षमता निर्माण झाली. पुरवठ्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते, असे अभियांत्रिकी नियोजनात धरले जाते. म्हणजे पाणी आणण्याच्या प्रत्येक योजनेबरोबर सांडपाणी नेण्याची तेवढीच मोठी योजना आपोआप आवश्यक ठरते. उद्घाटनाच्या बातमीत मात्र ती दुसरी बाजू क्वचितच येते.

आंतरराज्य जलविवादाच्या अभ्यासकांनी येथे आणखी एक मुद्दा टिपून ठेवावा. पूर्वेकडील दोन खोऱ्यांत वापरले गेलेले कावेरीचे पाणी कावेरीत परत न जाता दक्षिण पिनाकिनीत जाते. कावेरी जलविवाद न्यायाधिकरणाने २००७ च्या निवाड्यात बंगळुरूचा सुमारे एक तृतीयांश भागच कावेरी खोऱ्यात येतो असे धरून शहराची गरज मोजली होती. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी ही मर्यादा मान्य न करता पिण्याच्या पाण्याला प्राधान्य दिले. कर्नाटकाच्या वाट्यात १४.७५ टीएमसी वाढ करताना त्यातील ४.७५ टीएमसी बंगळुरूसाठी धरले. जलविभाजकाची जी रेषा आपण सुरुवातीला नकाशावर काढली, ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही महत्त्वाची ठरली.

फेसाळलेला तलाव आणि सखल घर

क्रीडाग्राम ओलांडून ईजीपुरामार्गे राजकालुवे अखेर बेलंदूर तलावात पोहोचते. शहरातील हा सर्वांत मोठा तलाव. त्याच्या सांडव्यावर बर्फासारखा पांढरा फेस दिसे. कपडे धुण्याच्या चूर्णातील व इतर साबणजन्य द्रव्ये पाण्यात साठतात आणि पाणी सांडव्यावरून आदळताना त्यांचा फेस होतो. मे २०१५ मध्ये येथील फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्येही तलाव परिसरात आगी लागल्या. पाण्याला आग लागल्याची छायाचित्रे जगभर गेली. परंतु ती आग मॅजेस्टिकपासून बेलंदूरपर्यंतच्या प्रत्येक घराच्या मोरीतून थोडी थोडी जमा झालेली होती.

ईजीपुराकडील एका सखल गल्लीत मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी थांबलो होतो. त्यांच्या दाराचा उंबरा गुडघ्याएवढा उंच होता. भिंतीवर ओल चढलेली रेषा दाखवून त्या म्हणाल्या, “पाऊस सुरू झाला की आधी शिलाई यंत्र पलंगावर चढवतो, मग मुलांना.” रस्ता दरवेळी डांबर घालून उंच होतो आणि घर तेवढेच खाली जाते, हेही त्यांनीच लक्षात आणून दिले. पूरप्रवण क्षेत्राचा अहवाल लिहिण्यापूर्वी गल्लीतील उंबऱ्यांची उंची मोजली, तरी बरीच माहिती हाती येते.

या पायाभूत सुविधांत काही माणसेही दडलेली आहेत. तुंबलेली वाहिनी मोकळी करण्यासाठी माणसाला आत उतरविण्याची अमानुष पद्धत २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मलवाहिनीतील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख रुपये केली. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरू व मुंबईसह सहा महानगरांत हाताने मैलासफाई बंद करण्याचा आदेशही दिला. तरीही वाहिनीतील विषारी वायूने कामगार गुदमरल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतच असतात. मॅनहोलच्या झाकणावरून चालताना हे विसरता कामा नये.

नियम, न्यायालय आणि नकाशावरची रेषा

राजकालुव्यांच्या संरक्षणाचे नियम नाहीत असे नाही. बंगळुरूच्या २०१५ च्या सुधारित बृहत् आराखड्यात तलावाभोवती ३० मीटर आणि नाल्यांच्या मुख्य, दुय्यम व तृतीय श्रेणीनुसार ५०, २५ व १५ मीटर मोकळा पट्टा ठेवण्याची तरतूद होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१६ मध्ये हा पट्टा तलावांसाठी ७५ मीटर आणि नाल्यांसाठी ५०, ३५ व २५ मीटर केला. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा हा सर्वसाधारण आदेश रद्द केला. वैधानिक आराखड्यातील तरतुदी न्यायाधिकरणाला अशा रीतीने बदलता येणार नाहीत, हे त्यामागील सूत्र होते. पर्यावरणाची गरज आणि अधिकारक्षेत्राची मर्यादा यांतील हा ताण अभ्यासण्याजोगा आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८ क मध्ये पर्यावरण संरक्षणाचे निदेशक तत्त्व आहे. अनुच्छेद ५१ क (छ) नुसार सरोवरे व नद्या यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, स्वच्छता आणि नगर नियोजन हे विषय नागरी स्वराज्य संस्थांसाठी नमूद आहेत. प्रत्यक्षात पाणी मंडळाकडे, नाला महापालिकेकडे, भूखंड विकास प्राधिकरणाकडे आणि जमिनीचे दप्तर महसूल खात्याकडे अशी वाटणी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि पाच महानगरपालिका अशी नवी रचना अस्तित्वात आली. आता एकाच खोऱ्यातील वरचा भाग एका महापालिकेत आणि खालचा दुसरीत येऊ शकतो. पाणी प्रशासकीय सीमा पाळत नसल्याने नव्या रचनेची कसोटी येथेच लागेल.

अतिक्रमण हटविण्याचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. २०२२ च्या पुरानंतर नाल्यांवरील बांधकामे पाडण्याची मोहीम झाली. ज्याने मंजूर नकाशा पाहून, कर्ज काढून घर घेतले, तो म्हणतो की मला परवानगी शासनानेच दिली होती. ज्याच्याकडे नकाशाच नाही, त्या झोपडीवर यंत्र सर्वांत आधी चालते. मोठ्या बांधकामाचा मालक स्थगिती आणतो. पाण्याची वाट मोकळी करणे आवश्यकच आहे. परंतु कोणाच्या घरापासून सुरुवात केली जाते, यावर शासनाचा न्याय मोजला जातो. एकदा चुकीच्या परवानगीवर सही झाली की पुढच्या कोणत्याही उपायाची किंमत कोणाला तरी घर गमावून मोजावी लागते.

सुधारणेच्या खुणा

चित्र केवळ निराशेचे नाही. मॅजेस्टिकजवळून बेलंदूरकडे जाणाऱ्या याच राजकालुव्यावर ‘के-१००’ या नावाने जलमार्ग सुधारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. नाल्यात येणारे मैलापाणी अडवून वेगळे करणे आणि काठाने लोकांना चालता येईल अशी वाट करणे, ही त्यामागची कल्पना. २०१८ पासून कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. योजनेची क्षमता दररोज ४४० दशलक्ष लिटर आहे. कोलारमध्ये भूजल वाढल्याचे स्वागत झाले, त्याचप्रमाणे पाण्याच्या शुद्धतेविषयी न्यायालयापर्यंत वादही झाला. उत्तरेकडील जक्कूर तलावात प्रक्रिया केलेले पाणी पाणवनस्पतींच्या दलदलीतून गाळून सोडले जाते. कैकोंड्रहळ्ळी तलावाच्या पुनरुज्जीवनात तर रहिवाशांचा मोठा वाटा होता.

परदेशातील उदाहरण म्हणून दक्षिण कोरियातील सोल शहराचा उल्लेख नेहमी होतो. तेथे चोंगग्येचोन ओढ्यावरील उन्नत मार्ग पाडून २००५ मध्ये सुमारे सहा किलोमीटर लांबीचा प्रवाह पुन्हा खुला करण्यात आला. मात्र त्यात मुख्यतः पंपाने पाणी सोडावे लागते, हेही उत्तरात लिहिण्यास विसरू नका. ओढ्याचे काठ सुशोभित केले म्हणजे त्याचे पाणलोट क्षेत्र परत मिळत नाही.

आपल्या गावातील वाट

बंगळुरूची ही कथा महाराष्ट्राला अपरिचित नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि विहार व पवई तलावांकडून माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी ही नदी आहे, याची मुंबईला नव्याने आठवण झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने अनेकांचे बळी घेतले. याच पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून जमिनीखालून नळ आणून पेठांतील हौदांना पाणी दिले होते. त्या नळावरील उच्छ्वास आजही काही ठिकाणी दिसतात. छत्रपती संभाजीनगरातील मलिक अंबरची नहर आणि पाणचक्की आपल्या पाठ्यपुस्तकात आहेतच. आपल्याही पायाखाली अशी पुष्कळ व्यवस्था दडलेली आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की, परीक्षेच्या अभ्यासातून एक रविवार काढावा. आपल्या गावातील सर्वांत उंच जागी उभे राहून पावसाचे पाणी कोणत्या बाजूंना जाईल याचा अंदाज घ्यावा. भूमी अभिलेखाचा जुना नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवावेत. पूल नसलेल्या ठिकाणी रस्ता अचानक का उतरतो, एखाद्या गल्लीला ‘तळ्याचा बोळ’ असे नाव का आहे, मॅनहोलची ओळ कोणत्या दिशेने जाते, जुन्या घरांचे उंबरे कोठे उंच आहेत, हे टिपावे. काठावर राहणाऱ्या वृद्धांशी बोलावे. मात्र काही पथ्ये पाळावीत : एकट्याने जाऊ नये, पावसात वा पावसाची चिन्हे असताना नाल्यापाशी थांबू नये. झाकलेल्या नाल्यात किंवा मॅनहोलमध्ये कोणत्याही परिस्थितीत उतरू नये, कारण तेथील वायू क्षणात बेशुद्ध करतात. काठावरूनच पुरेसे दिसते.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या अशा मेजासमोर बसतील, जेथे बिनशेती परवान्याची एक धारिका येईल. तिच्यातील नकाशावर एक बारीक निळी रेषा असेल किंवा ती जाणीवपूर्वक पुसलेली असेल. जागा कोरडी दिसत असेल, अर्जदार घाईत असेल आणि त्या रेषेला आठ महिने पाणीही नसेल. त्या वेळी सही करण्यापूर्वी खुर्चीतून उठून ती रेषा एकदा पायी चालून यावी, एवढाच या व्याख्यानाचा आग्रह आहे. सखल गल्लीतील त्या बाईंचे शिलाई यंत्र पलंगावर चढणार की जागच्या जागी राहणार, हे पुष्कळदा त्या सहीच्या वेळीच ठरलेले असते.